गडकिल्ल्यांचा स्लाइड शो करायचाय : नकाशावरून किल्ल्यावर झेप घेतात ते कसं करतात?

डबलबेल (कराड)

राम राम मंडळी.

मी एसटीतला निवृत्त माणूस. आधी वाहक, शेवटची ९ वर्षं वाहतूक नियंत्रक. स्टँडवर भोंग्यातून ‘फलाट क्रमांक तीनवर लागलेली गाडी’ असं ओरडणारा तो मीच. २०१९ला सुटलो. नोकरीत असताना रजा मिळाली की पास काढायचा आणि किल्ल्याच्या पायथ्याला उतरायचं, हा छंद. बायको म्हणायची, दिवसभर एसटीत बसून पोट भरत नाही का तुमचं?

गेल्या वर्षी, ११ जुलै २०२५ला, युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तिकडे तमिळनाडूत जिंजी. त्यातले ११ माझे पाहून झाले होते, जिंजी तेवढा राहिला होता. यंदा जानेवारीत तोही केला. ही बातमी कुणीतरी आमच्या गावच्या वाचनालयात पोचवली आणि त्यांनी मला व्याख्यानाला उभं केलं. ४५ मिनिटं, फोटोंसकट.

अडचण अशी की एकदा माझी फजिती झालेली आहे. दोन वर्षांपूर्वी एका शाळेत असाच कार्यक्रम होता. घरी सगळं छान टाइप केलं, पेन ड्राइव्हवर घेतलं, तिथल्या कॉम्प्युटरला लावलं, आणि ‘रायगड’ लिहिलेल्या ठिकाणी इंग्रजी अक्षरं, उलटे स्वल्पविराम आणि बाणाची टोकं. सातवीतला एक पोरगा म्हणाला, आजोबा, हा किल्ला कुठल्या देशात आहे? सगळा वर्ग हसला, मीही हसलो. पण घरी येताना बरं वाटत नव्हतं.

आता प्रश्न.

मुलाच्या लॅपटॉपवर पॉवरपॉइंट २०१६ आहे. पुण्यात एका मुलाचा कार्यक्रम पाहिला होता. त्यात महाराष्ट्राचा नकाशा दिसत होता आणि बटण दाबलं की घारीनं झेपावावं तसे आपण सरळ किल्ल्यावर उतरत होतो. माणसं ‘आहा’ म्हणत होती. मला ते पाहिजे. पुतण्या म्हणतो त्याला ‘मॉर्फ’ म्हणतात, पण आमच्याकडे ते बटण सापडत नाही.

दुसरं, माझ्याकडे २१४ फोटो निवडून झालेत. त्याच्या खाली येववत नाही. अर्धे फोनमधले, अर्धे मित्रांनी व्हॉट्सअ‍ॅपवर धाडलेले. वाचनालयाचा प्रोजेक्टर जुना आहे, चित्र चौकोनी पडतं, जाड निळ्या टोकाची वायर लागते. खांदेरीचा माझा फोटो धड नाही, होडीतून काढला होता आणि होडी हलत होती.

आणि तिसरं, ती अक्षरं. परत तसं झालं तर मी गाव सोडीन.

---

सरळरेघ (पुणे)

काका, नमस्कार. मी बारा वर्षं हेच करतो. कंपनीतले साहेब बोलतात, त्यांच्या मागे दिसतात त्या स्लाइड मी बनवतो. किल्ल्यांच्या स्लाइड करायला कुणी सांगत नाही, सगळे तिमाहीचे आकडे घेऊन येतात. त्यामुळे तुमचा धागा वाचून आधी हेवा वाटला.

अक्षरांचं आधी, कारण गाव सोडायचा प्रश्न आहे. तुमचा मजकूर तेव्हा जुन्या पद्धतीच्या फॉन्टात टाइप झाला होता. श्री-लिपी, कृतीदेव वगैरेंची ती जुनी पद्धत. त्यात कॉम्प्युटरच्या पोटात इंग्रजी अक्षरंच साठलेली असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठी कपडे घालतो. दुसऱ्या मशीनवर तो फॉन्ट नसला की कपडे उतरतात. आता युनिकोडमध्ये टाइप करा, म्हणजे फॉन्ट बदलला तरी मजकूर मराठीच राहील. शिवाय फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे जाऊन ‘एम्बेड फॉन्ट्स’वर खूण करा, फॉन्ट फाइलसोबत जातो. काही फॉन्टना तशी परवानगी नसते. तिथे धोका नको असेल तर ‘निर्मला यूआय’ वापरा, तो विंडोज ८पासून पुढे असतोच.

दिसायला चांगलं हवं असेल तर मुक्त मिळणाऱ्यांत ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट सुटसुटीत आहे. मथळ्याला ‘टिरो देवनागरी मराठी’ घ्या. त्यातला ल आणि श आपल्या वळणाचा आहे, हिंदी वळणाचा नाही. साल्हेर, लोहगड, शिवनेरी, पन्हाळा... तुमच्या यादीत ल, ळ आणि श भरलेत. चुकीच्या वळणाचा श असला तर शिवनेरी नाव परक्यासारखं दिसतं. मला तरी दिसतं, बायको म्हणते तुला कामधंदा नाही.

आता झेप. मॉर्फ २०१६च्या एकदाच विकत घेतलेल्या आवृत्तीत नाही. २०१९पासून पुढे आणि मायक्रोसॉफ्ट ३६५च्या वर्गणीत आहे. त्यात करायचं असतं ते फार सोपं : एका स्लाइडवर पूर्ण नकाशा, तिची नक्कल काढून दुसरीवर तोच नकाशा ताणून मोठा केलेला, दुसरीला ‘मॉर्फ’ ट्रान्झिशन (म्हणजे स्लाइड बदलायची तऱ्हा), संपलं. मधला प्रवास यंत्र भरून काढतं. पुतण्याच्या किंवा कुणाच्या लॅपटॉपवर नवं पॉवरपॉइंट असेल तर तिथे तेवढ्या दोन स्लाइड करा, एक्स्पोर्टमधून व्हिडिओ काढा आणि तो व्हिडिओ तुमच्या २०१६मध्ये घाला. मॉर्फ केलेली फाइल जशीच्या तशी जुन्यात उघडू नका, झेप जाऊन नुसता धूसर बदल दिसू शकतो.

हे जमत नसेल तर २०१६मध्येच हाताने करता येतं. नकाशाला अ‍ॅनिमेशन्समधलं ‘ग्रो/श्रिंक’ लावा, कस्टममध्ये ४०० टक्के, वेळ २ सेकंद. त्याच्याच जोडीला एक ‘मोशन पाथ’, म्हणजे वस्तू सरकायचा मार्ग, लावा, तोही २ सेकंदांचा, आणि त्याला ‘विथ प्रीव्हियस’ म्हणा, म्हणजे दोन्ही एकदम चालतील. नकाशा मध्यबिंदूभोवती फुगतो, त्यामुळे साल्हेर मध्यापासून वरच्या बाजूला जितका लांब असेल, मोठं झाल्यावर त्याच्या चौपट लांब जाणार. म्हणून नकाशा तितकाच, चौपट, खाली सरकवावा लागतो. पहिल्यांदा सगळे इथेच अडखळतात आणि साल्हेरऐवजी मध्य प्रदेशात उतरतात.

फुगवलेला नकाशा शेवटी धूसर होतो. त्याला उपाय : लगेच पुढच्या स्लाइडवर त्याच जागेचा, आधीच मोठा कापून ठेवलेला स्वच्छ नकाशा ठेवा, तिला ‘फेड’ ट्रान्झिशन द्या आणि आधीच्या, झेपेच्या स्लाइडला ‘आफ्टर’ शून्य सेकंद, म्हणजे न दाबता पुढची स्लाइड येईल. बघणाऱ्याला वाटतं कॅमेरा फोकस झाला.

नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाचा घ्या. नेटवरच्या कितीतरी नकाशांत देशाची सीमा चुकीची असते आणि सभेत कुणीतरी उठून तेच बोलतं.

प्रत्येक किल्ल्याला झेप देऊ नका. बारा वेळा घार झेपावली की तिची कोंबडी होते. साल्हेरला एकदा द्या, तो सगळ्यांत उत्तरेला आहे. आणि जिंजीला एकदा, कारण ते अंतर खरोखरच डोळ्यांना दाखवायला हवं. मधल्यांना साधा बदल.

प्रोजेक्टरचं सांगतो. चौकोनी चित्र आणि निळ्या टोकाची वायर म्हणजे बहुतेक १०२४ बाय ७६८चा. २०१३पासून पॉवरपॉइंट आपोआप रुंद स्लाइड देतं, ती तिथे लावलीत तर वर-खाली काळे पट्टे येतील आणि चित्र आणखी बारीक होईल. आत्ताच, एकही फोटो टाकायच्या आधी, डिझाइनमध्ये ‘स्लाइड साइझ’ ४ः३ करून घ्या. नंतर केलंत तर सगळं ताणलं जाईल किंवा कापलं जाईल. तुमचा फायदाच आहे यात : फोनचा कॅमेरा साधारणपणे ४ः३चेच फोटो काढतो. न कापता पडदाभर बसतील.

व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो लहान होऊन आलेले असतात, पण त्या प्रोजेक्टरला ते पुरतात. त्यातला एखादा कोपरा कापून मोठा करायचा असेल तरच मित्राला सांगा की ‘डॉक्युमेंट’ म्हणून परत पाठव.

खांदेरीसाठी विकिमीडिया कॉमन्सवर बघा, मुक्त परवान्याच्या फोटोंचा साठा आहे तो. मिळाला तर खाली छायाचित्रकाराचं नाव आणि परवाना लिहायचा, लहान अक्षरांत का होईना.

२१४बद्दल मी काही बोलत नाही. दुसरं कुणीतरी बोलेलच.

---

कॅरोसेलवाला (ठाणे)

मी बोलतो.

डबलबेल, माझं वय ७१. १९८०च्या दशकात आम्ही चौघं मित्र सह्याद्रीतले फोटो घेऊन शाळा-कॉलेजांत स्लाइड शो करायचो. खरी स्लाइड बरं का, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेली ३५ मिलिमीटरची पारदर्शिका. रोलमध्ये ३६ फोटो. प्रोजेक्टरवर गोल तबकडी, तिच्यात ८० खाचा. एक्याऐंशीवा फोटो कितीही सुंदर असला तरी त्याला जागा नाही. त्यामुळे निवड आम्ही शहाणे होतो म्हणून झाली नाही, तबकडीनं केली.

स्लाइड खाचेत उलटी घालायची असते, डोकं खाली, तरच पडद्यावर सरळ पडते. म्हणून चौकटीच्या एका कोपऱ्यावर टिंब काढायचं आणि अंगठा त्या टिंबावर ठेवून स्लाइड टाकायची. अंधारात बोट टिंबाला लागलं की खात्री. एका कार्यक्रमात आमच्यातल्या एकानं घाईत सहा स्लाइड सुलट घातल्या आणि राजगडाचा बालेकिल्ला आभाळातून लोंबकळायला लागला. तुमच्या त्या सातवीतल्या पोरासारखा एक तिथेही होता.

आता मुद्दा. त्या यंत्रात दोन स्लाइडच्या मध्ये खट्ट आवाज होऊन क्षणभर अंधार व्हायचा. तेव्हा आम्हाला तो दोष वाटायचा. आता पॉवरपॉइंटच्या कार्यक्रमांत बसतो तेव्हा त्या अंधाराची आठवण येते. एक चित्र डोळ्यातून उतरायच्या आत दुसरं चढतं. तुम्हाला कार्यक्रम चालू असताना काही गोष्ट सांगायची असेल, उदाहरणार्थ साल्हेरची १६७२ची लढाई, तर कळफलकावरचं इंग्रजी ‘बी’ दाबा. पडदा काळा होतो. लोक पडदा सोडून तुमच्याकडे बघतात. परत दाबलं की चित्र परत. माझ्या ओळखीच्या दहा जणांत हे एकाला माहीत असतं.

फोटो किती? ४५ मिनिटांत मी ४०च्या वर कधी गेलो नाही. एका किल्ल्याला तीन. एक लांबून, म्हणजे डोंगर कसा बसलाय ते कळतं. एक दाराचा, कारण किल्ल्याचं डोकं दारात असतं. आणि तिसरी एकच अशी गोष्ट जी दुसऱ्या किल्ल्यावर नाही. लोहगडाचा विंचूकाटा. विजयदुर्गाची तिहेरी तटबंदी. सुवर्णदुर्गाच्या दारातल्या पायरीवरचं कासव. १२ त्रिक ३६. दोन-चार सैल सोडा.

तुम्ही वापरता ते पॉवरपॉइंटसुद्धा आमच्या जगातूनच आलंय. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन या दोघांचं ते काम, १९८७मध्ये मॅकिंटॉशसाठी निघालं आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरना घेतली. पहिल्या आवृत्तीत रंगसुद्धा नव्हते. ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या काळ्यापांढऱ्या पारदर्शिका छापण्यापुरतं ते होतं. स्लाइड हा शब्द आमच्या खोक्यातून उचललाय, तबकडी मात्र तिथेच राहिली.

---

भिंगरी (नाशिक)

एवढं कशाला? कॅनव्हा हे डिझाइनचं अ‍ॅप घ्या, तयार साचे असतात, मराठी फॉन्टही आहेत. मी बहिणीच्या डोहाळजेवणाचा शो फोनवर वीस मिनिटांत केला.

---

सरळरेघ (पुणे)

भिंगरी, साचे सुंदर आहेत, नाकारत नाही. पण त्यात फोटोला पान, फूल, फाटक्या कागदाची कडा, रंगाचा फराटा असं काहीतरी चिकटलेलं असतं. डोहाळजेवणाला ते शोभतं. रायगडाच्या कड्याभोवती वॉटरकलरची पानं बघवणार नाहीत. आणि वाचनालयात नेट नसेल तर? आधी उतरवून नेलं तरच.

---

डबलबेल (कराड)

सगळ्यांचे आभार. आठवडाभर बसलो. हिशेब देतो.

२१४चे १२० झाले, ते सोपं होतं, कारण त्यात ३१ फोटो माझेच होते, मी आणि मागे बुरूज. १२०चे ६१ करताना दोन दिवस गेले. ६१चे ३८ करायला बायकोला बसवलं. तिला किल्ल्यांतलं काही कळत नाही असं ती स्वतः म्हणते, पण ‘हा आणि हा एकच आहे’ हे ती पटकन सांगते. राजगडाच्या संजीवनी माचीचे सात फोटो होते, तिला एकच ठेवावा वाटला. बालेकिल्ल्यावरून खाली बघताना काढलेला, माची सापासारखी वळत गेलेली दिसते तो. मी भांडलो. मग लक्षात आलं, बाकीचे सहा मला का आवडतात तर त्या दिवशी पाऊस होता आणि तटाच्या आडोशाला आम्ही भाकरी खाल्ली होती. ते फोटोत कुठे दिसतंय.

साल्हेरची झेप जमली! दोनदा मध्य प्रदेशात उतरलो, एकदा तर बऱ्हाणपूरच्याही पुढे. तिसऱ्यांदा बागलाणात. स्टँडवर असताना चुकीच्या फलाटाला गाडी लागली की जो जीव वरखाली व्हायचा तोच अनुभव.

आता दोन अडचणी. एक, मथळा जरा ऐटदार दिसावा म्हणून मी अक्षरांमधलं अंतर वाढवलं. इंग्रजीत पुतण्यानं केलं होतं, फार छान दिसलं. मराठीत केलं तर अक्षरांच्या डोक्यावरची रेघ तुटली, दात पडल्यासारखं दिसतंय. दोन, मजकुराच्या दोन ओळी आल्या की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो.

आणि फोटो पडदाभर लावलाय तर किल्ल्याचं नाव कुठे लिहू? आभाळात लिहिलं तर दिसत नाही, कड्यावर लिहिलं तरी दिसत नाही.

---

पाटीपेन्सिल (रत्नागिरी)

दादा, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, रोज हेच दुखणं. उत्तरं देते.

अक्षरांतलं अंतर परत ‘नॉर्मल’ करा. देवनागरीची रेघ शब्द बांधून ठेवते, ती ताणायची नसते. ऐट आणायची तर अक्षर मोठं करा किंवा ठळक करा. तिरकं पण करू नका, आपल्या अक्षराला तो वारा मानवत नाही.

ओळींचं : पॉवरपॉइंटच्या नेहमीच्या साच्यात ओळींमधलं अंतर ०.९ असतं. इंग्रजीला चालतं, त्यांच्या वर-खाली फारसं काही लोंबत नाही. तुम्ही लाइन स्पेसिंगमध्ये ‘मल्टिपल’ घेऊन १.२ करा. आणि प्रत्येक स्लाइडवर करत बसू नका. व्ह्यूमध्ये ‘स्लाइड मास्टर’ उघडा, तिथे सगळ्यांत वरच्या स्लाइडवर एकदा बदला, सगळीकडे बदलेल. फॉन्टसुद्धा तिथेच.

नाव लिहायला फोटोवर, खालच्या बाजूला, पडद्याच्या रुंदीचा एक आयत काढा. बाह्यरेषा काढून टाका. आत ‘ग्रेडियंट फिल’. खालच्या टोकाला काळा रंग, पारदर्शकता २० टक्के. वरच्या टोकालाही काळाच, पण पारदर्शकता १०० टक्के. म्हणजे फोटो खाली येता येता आपोआप अंधारत जातो, चौकट दिसत नाही. त्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव. माझी पोरं म्हणतात बाई, सिनेमासारखं झालं.

मात्र एक गोष्ट विचारा वाचनालयात : कार्यक्रम किती वाजता आणि खिडक्यांना पडदे आहेत का? प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. काळं म्हणजे तिथे उजेड पडला नाही, एवढंच. खोलीत ऊन असेल तर तुमचा काळा पट्टा राखाडी होणार, वरची पांढरी अक्षरं फिकी पडणार. आमच्या वर्गाला पडदेच नाहीत, म्हणून मी पांढरी पार्श्वभूमी आणि गडद अक्षरं ठेवते, फोटो त्यातल्या त्यात उजळ निवडते. संध्याकाळ असेल तर बिनधास्त काळं वापरा.

एकदा आधी जाऊन लावून बघा, आणि स्वतः शेवटच्या खुर्चीत बसून बघा. पुढे उभं राहून सगळं छानच दिसतं.

वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर पॉवरपॉइंटऐवजी लिबरऑफिस असेल तर स्वतःचा लॅपटॉप न्या. फाइल उघडते, पण अ‍ॅनिमेशन जागच्या जागी राहील याची खात्री मी देणार नाही. मी लिबरऑफिसच वापरते, फुकट आहे म्हणून आणि आता हात बसलाय म्हणून. पण एका सॉफ्टवेअरात रांधून दुसऱ्यात वाढायचं नाही.

---

डबलबेल (कराड)

काल संध्याकाळी झालं. सांगतो.

परवाच जाऊन लावून बघितलं होतं. बाईंनी सांगितलं म्हणून शेवटच्या खुर्चीत बसलो. किल्ल्यांची नावं दिसत होती, पण त्याखाली मी बारीक अक्षरांत जिल्हा, उंची, कुणी बांधला असं घातलं होतं ते काहीच दिसेना. सगळं उडवलं. साल्हेरचे १५६७ मीटर तेवढे ठेवले, ते मोठ्या आकड्यांत, कारण कळसूबाईच्या खालोखाल आहे म्हटल्यावर लोक चकित होतात. बाकी तोंडानं सांगितलं. प्रोजेक्टरचा दिवा पिवळा पडलाय, सिंधुदुर्गाचा समुद्र चहासारखा दिसत होता. तो फोटो जरा निळ्याकडे सरकवला. रंगांचं बटण फोटोच्या फॉरमॅटमध्ये असतं, ते पुतण्यानं शोधलं.

रिमोट नव्हता. पुतण्या लॅपटॉपपाशी बसला, मी पडद्याजवळ उभा. ‘पुढची घे’, ‘पुढची घे’ किती वेळा म्हणणार? तर आमचं ठरलं : मी ‘टिंग टिंग’ म्हणायचं, की गाडी पुढे. एकदाच ‘टिंग’ म्हटलं की थांब, म्हणजे त्यानं ‘बी’ दाबायचा. पहिल्या टिंग टिंगला सभा हसली, तिसऱ्याला लहान पोरं माझ्याआधी म्हणायला लागली.

साल्हेरला झेप घेतली तेव्हा ‘आहा’ आलं. खरं सांगतो, त्या दोन सेकंदांसाठी मी आठवडा घातला होता, वसूल झाला. कॅरोसेलवाले साहेब, तुमचा ‘बी’ मात्र महागात पडला. लढाई सांगायला मी ‘टिंग’ म्हटलं, पडदा काळा झाला आणि मागून कुणीतरी ओरडलं, “लाईट गेली!” दोघं जण जनरेटर बघायला बाहेरसुद्धा गेले. त्यांना परत आणेपर्यंत लढाई अर्धी झाली होती.

शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं तर पहिल्या रांगेतला एक जुना चालक उठला. आमच्याच डेपोचा, माझ्या आधी निवृत्त झालेला. म्हणाला, तो पहिला डोंगर परत दाखव, मी कधी काळी त्या रस्त्यानं सटाण्याला गाडी नेली आहे. मी सगळ्या स्लाइडचे क्रमांक एका कागदावर रकाने पाडून वेबिलासारखे (वाहकाच्या हिशेबाच्या कागदासारखे) लिहून ठेवले होते, जुनी सवय. ५ दाबून एंटर म्हटलं, साल्हेर हजर. मधल्या सगळ्या स्लाइड मागे पळवाव्या लागल्या नाहीत. तो माणूस पडद्याजवळ जाऊन बोट लावून रस्ता शोधत बसला. रस्ता फोटोत नव्हताच. पण त्याला उठवायचं कुणाच्या मनात आलं नाही.

अक्षरं सगळी मराठीत आली.

आता एकच राहिलं, कारण शेजारच्या गावातून बोलावणं आलंय. जिंजीची झेप बिघडली. तिथे मी एकाच स्लाइडवर दोन हालचाली दिल्या होत्या : आधी नकाशा रायगडावर सरकतो, मग दुसऱ्या मोशन पाथनं रायगडावरून खाली तमिळनाडूत. पहिली नीट होते. दुसरी सुरू होताना नकाशा झटका खाऊन मूळ जागी उडी मारतो आणि तिथून निघतो. राजाराम महाराज जिंजीला गेले आणि १६९८पर्यंत वेढा चालला हे मी गंभीरपणे सांगतोय आणि मागे नकाशा उडी मारतोय. गिअर न पडल्यासारखं. हे कशानं?

---

सरळरेघ (पुणे)

काका, मस्तच. उडीचं कारण सोपं आहे. प्रत्येक मोशन पाथ वस्तूच्या मूळ जागेपासूनच सुरू होतो, आधी ती कुठे गेली होती ते दुसऱ्याच्या गावी नसतं. नकाशा निवडा, दोन्ही मार्ग दिसतील. दुसऱ्या मार्गाचं हिरवं टोक ओढून पहिल्याच्या लाल टोकावर नेऊन ठेवा, अगदी टोकाला टोक. मग दुसऱ्याचं लाल टोक जिंजीप्रमाणे परत जुळवा. जरा जवळ जाऊन करा, स्क्रीन २०० टक्के मोठी करून. केसभर राहिलं तरी हिसका जाणवतो.

आणि दोन्हींच्या इफेक्ट ऑप्शन्समध्ये ‘स्मूथ स्टार्ट’ आणि ‘स्मूथ एंड’ बघून घ्या. मध्ये न थांबता जायचं असेल तर पहिल्याचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात शून्य करा. थांबून जायचं असेल तर राहू द्या.

---

डबलबेल (कराड)

टोकाला टोक लावलं. आता जाते सरळ. रायगडावर थांबा ठेवलाय.